कुणी पाहिलं, ते आधी विचारा

दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या मराठी घरात एकच बातमी दोन-तीन वाटांनी शिरते. सकाळी ती कॉलनीच्या ग्रुपवर हिंदीत येते: ‘सावधान! शहर में बच्चा चोर गिरोह घूम रहा है.’ दुपारी तीच नागपूरच्या मावशीकडून मराठीत येते. रात्री पुण्याचा भाचा विचारतो, ‘आत्या, तुमच्याकडे म्हणे मुलं पळवतायत, खरं का?’ आणि आपल्याला वाटतं, तीन ठिकाणांहून आलं म्हणजे काहीतरी नक्की असणार.

असं वाटण्यात चूक काही नाही. गावात तिघांनी वेगवेगळं येऊन तीच गोष्ट सांगितली तर आपण ती खरी धरतो आणि बहुतेक वेळा ती खरी निघते, कारण त्या तिघांनी ती आपापल्या डोळ्यांनी पाहिलेली असते. फोनवर मात्र तिघांपैकी कुणीच काही पाहिलेलं नसतं. कॉलनीच्या ग्रुपवरचा हिंदी मेसेज आपल्यातल्याच कुणीतरी मराठी करून नागपूरला पाठवलेला असतो. नागपूरहून तो पुण्याला जातो आणि पुण्याहून प्रश्न बनून आपल्याकडे परत येतो. साक्षीदार तीन दिसतात, मेसेज एकच असतो. दुर्ग-भिलाईतल्या मराठी कुटुंबांनी इथे जास्त जपायला हवं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आपलं इकडे येणंजाणं आहे. पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा आणखी घरं आली. आज जवळपास प्रत्येक घराचे अर्धे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत. इकडची अफवा तिकडे आणि तिकडची इकडे नेण्याचं काम, कुणाच्याही मनात नसताना, आपल्याच फोनवरून होतं.

म्हणून सांगायचं ते एवढंच आहे. मेसेज किती जणांकडून आला हे मोजू नका, पाहणारा माणूस कोण ते शोधा. तो सापडला नाही तर मेसेज आपल्यापाशी थांबवा. हे करायचं कसं ते पुढे सांगतेच. पण एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला राईनपाड्याची आठवण ठेवायला हवी.

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तिथे पोचले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उदरनिर्वाह. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात काही दिवस फिरत होते. या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाच्या तरी नजरेस पडला. गर्दी जमली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली आणि पाचही जण जिवानिशी गेले. मूल कुणाचंच पळवलं गेलं नव्हतं.

त्याच रात्री, तिथून फार लांब नसलेल्या मालेगावात, भिक्षा मागत आलेल्या एका कुटुंबावर अशीच गर्दी चालून गेली. त्या कुटुंबात दोन वर्षांचं मूलही होतं. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस येईपर्यंत बाहेर सोडलं नाही, आणि ते सगळे वाचले. अफवा तीच, दिवसही तोच.

हे सगळं दूर धुळ्या-मालेगावात झालं, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. ५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, भिलाई-३ च्या चरोदा भागात तीन साधूंना मुलं चोरणारे समजून लोकांनी बेदम मारलं. पोलीस धावले म्हणून जीव वाचला. त्या मारहाणीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्यावरूनच माणसं ओळखून पोलिसांनी त्यांना अटक केली. चरोदा पद्मनाभपुरातून काही लांब नाही. त्याआधी जेमतेम तीन आठवडे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेले आणि विजापूरहून पंढरपूरकडे निघालेले चार साधू याच संशयावरून मार खाऊन बसले होते.

या घटनांमध्ये मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक लोक त्या गर्दीत नव्हते. ते आपापल्या घरी होते, कुणी कामावर, कुणी स्वयंपाकात. त्यांनी कुणावर हात उगारला नाही. आपण लोकांना सावध केलं, एवढंच त्यांना वाटत होतं. पण गर्दी जमायच्या आधी आठ-दहा दिवस प्रत्येकाच्या मनात भीती साठत गेली नसती, तर परक्या माणसाचं मुलीशी बोलणं कुणाला खटकलंही नसतं. आणि अशा भीतीचा पहिला मार नेहमी फिरस्त्यालाच बसतो. महाराष्ट्रात वासुदेव, नंदीवाले, बहुरूपी. इकडे छत्तीसगडमध्ये ‘जय गंगान’ म्हणत दारी येणारे बसदेवा. पौष पुनवेला छेरछेरा मागायला येणाऱ्या पोरांना आपण धान्य घालतो, ओळख विचारत नाही. अनोळखी माणूस दाराशी येणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ‘अनोळखी माणूस दिसला तर सोडू नका’ असं सांगणारा मेसेज या सगळ्यांच्या जिवावर उठतो.

राईनपाड्याच्या त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ नीट समजून घेण्यासारखा आहे. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, दोघं मोटारसायकलवरून येतात आणि एका मुलाला उचलून पसार होतात. कॅमेरा वरून कुठून तरी लावलेला, चित्र अंधुक, त्यामुळे पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. हा व्हिडिओ कराचीचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी’ या हेल्पलाइनने जनजागृतीसाठी तो मुद्दाम चित्रित करून घेतला होता. मूळ चित्रफितीत ती मोटारसायकल मागे फिरते, मुलाला सुखरूप खाली उतरवते आणि मागे बसलेला माणूस एक फलक उघडून दाखवतो: कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात फिरलेल्या व्हिडिओत शेवटचे ते काही सेकंद कापून टाकले होते.

म्हणजे व्हिडिओत जे दिसलं ते जनजागृतीसाठी केलेलं नाटक असलं, तरी कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेलं होतं. मूल उचललं गेलं होतं, मोटारसायकल गेली होती. खोटं होतं ते त्यावर लिहिलेलं गावाचं नाव, आणि कापलेला शेवट. बहुतेक फसवे मेसेज असेच असतात. चित्र खरं, पण दुसऱ्या देशाचं. घटना खरी, पण सहा वर्षांपूर्वीची. डॉक्टर खरे, पण त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं त्यांची नाहीत. म्हणून ‘व्हिडिओ आहे ना, आता काय पुरावा हवा?’ या बोलण्याला भुलू नका. व्हिडिओ आला की तीन गोष्टी विचारा: हा कुठला, केव्हाचा, आणि याच्या आधी-नंतर काय होतं?

हे शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. व्हिडिओ मध्येच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो गुगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र आधी कुठे छापून आलं होतं, ते बऱ्याचदा लगेच समोर येतं. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाडीच्या नंबराची सुरुवात कशाने होते, लोक कोणती भाषा बोलतात, हे बारकाईने पाहा. आवाज बंद करून एकदा बघा, मग नुसता आवाज ऐका. बातमी मोठी असेल तर मराठीतच पडताळणी करणारी संकेतस्थळं आहेत, ‘न्यूजचेकर’ आणि ‘फॅक्ट क्रेसेंडो’ दोन्ही मराठीत मजकूर देतात. केंद्र सरकारच्या योजना, नोटा, नोकरभरती यांबद्दलचा मेसेज असेल तर ‘पीआयबी फॅक्ट चेक’च्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप क्रमांकावर तो पाठवून विचारता येतं. हा विभाग २०१९ च्या अखेरीस सुरू झाला आणि तो केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलच सांगतो. आपल्या गल्लीतल्या चोराबद्दल तिथे विचारून उपयोग नाही. गल्लीतल्या चोरासाठी ११२ आहे.

व्हॉट्सॲपच्या खुणाही वाचायला शिका. मेसेजवर एक बाण आणि ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं असेल तर तो पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, एवढं कळतं. दोन बाण असतील तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला आहे. ‘फॉरवर्डेड’ हे लेबल राईनपाड्यानंतर काही दिवसांतच आलं. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येण्याची मर्यादाही त्याच महिन्यात जाहीर झाली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि असे मेसेज फिरण्याचं प्रमाण त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटलं असं कंपनीने सांगितलं. पण यात एक पळवाट राहते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण दिसतच नाही. भाषांतर केलं तरी नाही. हिंदीतला मेसेज मावशीने कष्टाने मराठी केला की तो तिने स्वतः लिहिल्यासारखा पोचतो. त्यामुळे बाण दिसला तर सावध व्हा, पण बाण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

याहून सोपी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची पडताळणी म्हणजे फोन. ज्यांनी पाठवलं त्यांना लावायचा आणि विचारायचं, ‘काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ ते म्हणतील, ‘ऑफिसच्या ग्रुपवर आलंय.’ मग विचारायचं, ‘तिथे ज्यांनी टाकलं त्यांनी स्वतः पाहिलंय का?’ दोन-तीन पायऱ्यांत उत्तर मिळतं. एक तर पाहणारा माणूस सापडतो, किंवा ‘कुणाला तरी माहीत असेल’ इथे गाडी अडते. ज्या मेसेजात गावाचं नाव नाही, तारीख नाही, सांगणाऱ्याचं नाव नाही, ‘आजच’, ‘काल रात्री’, ‘आपल्या भागात’ एवढंच आहे, तो तर फोनही न करता थांबवावा. ‘आज’ लिहिलेला मेसेज सात वर्षांनीही ‘आज’च राहतो.

पाहणारा सापडला म्हणजे मात्र सगळं संपलं असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ज्यांना आठवतो त्यांना हे सांगायला नको. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देशभर, परदेशातसुद्धा, देवळांपुढे रांगा लागल्या, आणि तेव्हा मोबाइलवर मेसेजही नव्हते. टेलिफोनवरून बातमी पोचली होती. रांगेतल्या माणसांनी चमच्यातलं दूध कमी होताना डोळ्यांनी पाहिलं होतं, ते खोटं बोलत नव्हते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं तेव्हा कळलं की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीला लागून पातळ थराने खाली उतरतं. म्हणून पाहणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावा: ‘नेमकं काय दिसलं?’ ‘मुलं चोरणारा दिसला’ हे दिसणं नव्हे. ‘भगव्या कपड्यांतला अनोळखी माणूस शाळेजवळ उभा होता’ हे दिसणं झालं. त्यात चोरी कुठेच नाही.

आता दुसऱ्या तऱ्हेचे मेसेज. यात भीती नसते, दया असते, आणि म्हणून ते थांबवताना आपला हात अडखळतो. ‘सेक्टर ९ च्या हॉस्पिटलला ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज, कृपया जास्तीत जास्त शेअर करा.’ मूल हरवल्याचा फोटो. ऑपरेशनसाठी मदतीची विनवणी. यातले बरेच मेसेज कधीतरी खरे असतात. रक्ताची गरज भागून महिने उलटतात, मूल घरी परत येऊन शाळेत जायला लागतं, पण मेसेज फिरत राहतो. त्या घरच्या फोनवर वर्षानुवर्षं अनोळखी माणसांचे फोन येतात. मुलाचा चेहरा हरवलेला म्हणून कायमचा नोंदला जातो. खरोखर रक्त हवं असणाऱ्याचा मेसेज मग या गर्दीत हरवतो, हे त्याहून वाईट.

अशा वेळी पाठवू नका असं मी म्हणणार नाही. पाठवा, पण आधी दिलेल्या क्रमांकावर स्वतः एक फोन करा. गरज अजून आहे का, रुग्ण कोणत्या वॉर्डात आहे, किती युनिट हवेत, केव्हापर्यंत हवेत, हे विचारा. मग मेसेज नव्याने लिहा, असा: ‘मंगळवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः बोलले आहे. दोन युनिट हवेत, उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.’ खाली तुमचं नाव लिहा. गरज भागली की ‘रक्त मिळालं, धन्यवाद’ असं त्याच ग्रुपवर टाका. एवढं करणारा माणूस जिथे असतो त्या ग्रुपवर लोक रक्ताच्या हाकेला खरोखर धावतात, कारण तिथली हाक खोटी नसते हे त्यांना ठाऊक असतं. हरवलेल्या मुलाचा फोटो आला तर आधी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना विचारा. आणि निराधार सापडलेल्या किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने आणि पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी फोटो फिरवू नका.

प्रकृतीबद्दलच्या मेसेजांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. त्यातला एक गेली कित्येक वर्षं फिरतो आहे: एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल. याच्या मुळाशी एक लहानसा खरा भाग आहे. रुग्णालयात हृदयाची तपासणी चालू असताना, यंत्रावर ठोके दिसत असताना, ठोके अचानक बिघडले तर डॉक्टर कधी कधी रुग्णाला खोकायला सांगतात. घरी एकट्या माणसासाठी हा उपाय नाही, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनही त्याची शिफारस करत नाही. झटका आलेल्या माणसाने खोकत बसण्यात जी दहा मिनिटं घालवली, ती त्याने १०८ ला फोन करण्यात घालवायला हवी होती. पक्षाघात झाल्यावर बोटांना सुई टोचून रक्त काढा, हा मेसेजही तसाच. पक्षाघातात मेंदूच्या पेशी मिनिटागणिक मरत असतात आणि गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्या वेळात सुई शोधणारे नातेवाईक त्या माणसाचं नुकसान करतात, प्रेमापोटीच.

आणि असं नुकसान फक्त एका रुग्णाचं होतं असं नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीचं मांस खाल्ल्याने कोरोना होतो, असे मेसेज फिरले. त्यात तथ्य काहीच नव्हतं. पण महाराष्ट्रात कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना पक्षी कवडीमोल भावाने विकावे लागले, काहींनी फुकट वाटले. कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही की तुझं काय झालं.

पैशांबाबत दोन गोष्टी सांगून पुढे जाते. दहा रुपयांची नाणी बंद झाली, ही अफवा देशाच्या कित्येक भागांत इतकी रुजली की दुकानदार ती घेईनात, आणि दुकानदार घेत नाहीत म्हणून गिऱ्हाईकही घेईना. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की दहा रुपयांच्या नाण्यांचे चौदा प्रकार चलनात आहेत आणि सगळेच वैध आहेत. शंका असणाऱ्यांसाठी तेव्हा १४४४० या क्रमांकावर हे ऐकण्याची सोयही केली होती. ही अफवा ज्याच्या गल्ल्यात नाणीच नाणी असतात त्या भाजीवाल्याला आणि रिक्षावाल्याला सगळ्यात महाग पडते.

दुसरी गोष्ट घातक आहे. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलान, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांनी फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडलं की फोनवर येणारे बँकेचे ओटीपी चोरांच्या हातात जातात, आणि पुढे तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या नातेवाइकांना आपोआप जाऊ शकते. म्हणून ‘वहिनींनी पाठवलीय’ या भरवशावर असली फाइल कधीही उघडू नका. वहिनींना फोन करा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतात, पण तिथे एकेका तासाला किंमत असते.

लोक मेसेजावर विश्वास का ठेवतात, याचं उत्तर या ‘वहिनींनी पाठवलीय’मध्येच आहे. मजकुराकडे कुणी पाहत नाही, पाठवणाऱ्याकडे पाहतात. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहताना आपण माणूस पारखून घेतो, कागद वाचतो, घरी विचारतो, मगच सही करतो. मेसेज पुढे पाठवणं हेही जामीन राहणंच आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले साहेब, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले काका यांच्या नावाला कॉलनीत वजन असतं, म्हणून त्यांनी पाठवलेला खोटा मेसेज सगळ्यात लांब जातो. ज्याच्या शब्दाला मान आहे त्याने जास्त जपावं, असं मला कळकळीने वाटतं.

वडीलधाऱ्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. सगळ्यांसमोर ‘हे फेक आहे’ असं लिहू नका. त्यात त्यांचा अपमान होतो आणि ते मेसेज सोडून मानासाठी भांडायला लागतात. वेगळा फोन करा. ‘काका, तुम्ही पाठवलेलं वाचून मलाही काळजी वाटली, म्हणून विचारून पाहिलं. ते चरोद्याचं नाही, जुनं आहे. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर लोक ऐकतील.’ हे खोटं गोड बोलणं नव्हे, लोक त्यांचं खरोखरच ऐकतात. तरुणांनी घरातल्या मोठ्यांच्या फोनवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करून द्यावी, आणि ग्रुपमध्ये कुणीही परस्पर जोडू शकणार नाही अशी सेटिंगही करावी.

ग्रुपचे ॲडमिन पुष्कळदा घाबरलेले असतात. कुणी काही टाकलं तर आपल्यालाच अटक होईल असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, तेही मेसेजातूनच. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की ॲडमिनचा त्यात समान हेतू नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. पण स्वतः अफवा पसरवणाऱ्याला सूट नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली लोकांमध्ये भीती किंवा वैर पसरवणारी खोटी माहिती फिरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा टळते म्हणून ॲडमिनचं काम मात्र संपत नाही. त्याला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि शहरात तणाव असेल त्या दिवशी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे बटण दाबता येतं. ते दाबायला कचरू नका. नाराज झालेली माणसं दोन दिवसांनी बोलायला लागतात.

आणि एखादा चुकीचा मेसेज तुमच्याकडून गेलाच तर? पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवस तो सगळ्यांसाठी पुसता येतो. पण नुसता पुसू नका, कारण तोवर तो वाचला गेलेला असतो आणि पुढेही गेलेला असतो. ज्या ज्या ठिकाणी पाठवला तिथे तिथे लिहा: ‘काल रात्री मी पाठवलेला मेसेज खरा नव्हता. चौकशी केली, तसं काही घडलेलं नाही. तुम्ही कुणाला पाठवला असेल तर त्यांनाही कळवा.’ भाषांतर करून पाठवला असेल तर खुलासाही त्या भाषेत पाठवा. जे फोन क्वचित पाहतात, किंवा ज्यांनी तो हमखास पुढे दिला असेल, त्यांना फोनच करा, आणि त्यांनी तो कुणाकुणाला दिला हे विचारून घ्या.